घरच्या घरी मिनीव्हॅनचं इंजिन उतरवणं आणि बदलणं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दोन मिनीव्हॅनची इंजिनं मी घरी उतरवून बदलली आहेत. एक माझ्या गाडीचं, दुसरं थोरल्या भावाच्या गाडीचं. दोन्ही गाड्या आजही रोज धावतात. तेव्हापासून ओळखीपाळखीचे लोक फोन करून जे जे विचारतात, ते इथे एकत्र केलंय. गाडी पुढच्या चाकांवर चालणारी, पेट्रोलची, ऑटोमॅटिक गिअरची आणि आडव्या इंजिनाची आहे असं धरून लिहिलंय, कारण बहुतेक मिनीव्हॅन तशाच असतात. बोल्टचे नेमके टॉर्क (किती जोराने कसायचे ते आकडे) आणि कसण्याचा क्रम मात्र तुमच्या मॉडेलच्या वर्कशॉप मॅन्युअलमधूनच घ्या. ते हाताशी नसेल तर काम सुरूच करू नका.

हे काम खरंच घरी जमतं का?

जमतं, पण सगळ्यांना नाही. ब्रेक पॅड, वॉटर पंप, अल्टरनेटर, एखादा ड्राइव्ह शाफ्ट असली कामं ज्याने स्वतः केली आहेत, त्याला यात नवीन फार थोडं आहे. इंजिन उतरवणं म्हणजे असलीच तीस-चाळीस छोटी कामं एकापाठोपाठ एक. आजवर फक्त ऑइल बदललं असेल, तर शेजारी जाणता माणूस हवाच. आणि कितीही जाणते असलात तरी इंजिन उचलताना, उतरवताना आणि चढवताना दुसरा माणूस लागतोच. एकट्याने ते करू नका.

आणखी एक अट आहे, ती हत्यारांपेक्षा मोठी. रोजच्या ये-जा करण्याची दुसरी सोय पाहिजे. सोमवारी सकाळी मुलांना शाळेत सोडायला हीच गाडी लागणार असेल, तर रविवारी रात्री तुम्ही नको ते कराल.

मेकॅनिक म्हणाला इंजिन गेलं. खात्री कशी करायची?

कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरात हवा दाबली जाताना येणारा दाब, मोजा. इंजिन गरम, सगळे प्लग बाहेर, थ्रॉटल पूर्ण उघडा. चांगल्या पेट्रोल इंजिनात साधारण १० ते १४ बार येतात, आणि त्या आकड्यापेक्षाही सिलिंडरांमधला फरक जास्त बोलतो. तो १०-१५ टक्क्यांच्या आत असावा. ऑइलचं प्रेशर डॅशबोर्डवरच्या दिव्यावरून ठरवू नका, सेन्सर काढून तिथे साधा काट्याचा गेज लावा.

खालून ठकठक आवाज येतो म्हणून कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग गेलं असं लगेच धरू नका. फ्लेक्सप्लेटला, म्हणजे क्रँक आणि टॉर्क कन्व्हर्टरमधल्या पातळ चकतीला, बोल्टच्या भोकांपाशी तडा गेला तर हुबेहूब तसाच आवाज येतो. त्यासाठी इंजिन बदलावं लागत नाही. हेड गॅस्केट गेलं असेल तर आधी फक्त हेड काढून बघा.

जुनं का गेलं हे शोधायची काय गरज? नवीनच बसवतोय ना?

गरज आहे, कारण जुन्याला ज्याने मारलं ते कारण बहुतेक वेळा गाडीतच राहतं. गरम होऊन गेलं असेल तर चोंदलेला रेडिएटर आणि बंद पडलेला पंखा तसाच आहे. तोच नव्यालाही शिजवील. बेअरिंग झिजून गेलं असेल तर धातूचा चुरा ऑइल कूलरमध्ये आणि त्याच्या पाइपांत बसलेला असतो. तो धुऊन पुरता निघत नाही, कूलर बदलावाच. ऑइल किंवा कूलंट जाळत जाळत गेलं असेल तर सायलेन्सरच्या वाटेतला, धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आतून बुजलेला असू शकतो. मग नवं इंजिन पहिल्या दिवसापासून दमल्यासारखं चालतं आणि तुम्ही भलतीकडेच शोधत बसता.

म्हणून जुनं इंजिन बाहेर आलं की नवं चढवण्याआधी त्याचा चेंबर, म्हणजे तळाचं ऑइलचं भांडं, खोला. अर्ध्या तासाचं काम आहे. माझ्या गाडीच्या चेंबरात ऑइल ओढणाऱ्या नळीची जाळी काळ्या, डांबरासारख्या गाळाने अर्धीअधिक लिंपलेली होती. पंपाला ऑइलच पोचत नव्हतं. ते बघितलं आणि वापरलेल्या ‘नव्या’ इंजिनाचाही चेंबर उघडला. त्याची जाळी स्वच्छ निघाली, पण उघडून बघितल्याशिवाय मला झोप लागली नसती.

वरून काढायचं की खालून?

मिनीव्हॅन साध्या गाडीपेक्षा वेगळी पडते ती इथे. तिचं नाक आखूड असतं आणि पुढची काच इतकी पुढे येते, की इंजिनाचा मागचा भाग काचेखालच्या पॅनेलच्या आत दडतो. व्ही-६ (तीन-तीनच्या दोन रांगांत सहा सिलिंडर) असेल तर मागच्या तीन सिलिंडरांच्या प्लगपर्यंत हात पोचवायला पुष्कळ गाड्यांत वायपरची यंत्रणा आणि ते पॅनेल काढावं लागतं. क्रायस्लरने १९८४च्या मॉडेलवर्षासाठी डॉज कॅरॅव्हॅन आणि प्लिमथ व्हॉयेजर आणल्या, तेव्हापासून आडवं इंजिन आणि शेजारी गिअरबॉक्स ही मांडणी मिनीव्हॅनमध्ये रूढ झाली. प्रवाशांना जी जागा मिळाली, ती मेकॅनिकच्या हातांची गेली.

त्यामुळे बऱ्याच मिनीव्हॅनमध्ये सोपी वाट खालून असते. इंजिन, गिअरबॉक्स आणि सबफ्रेम (त्यांच्याखालची बॉडीला बोल्टने लागलेली चौकट) असा सगळा संच ट्रॉलीवर टेकवायचा, सबफ्रेमचे बोल्ट काढायचे आणि गाडीचं धूड वर उचलून घ्यायचं. कारखान्यातही हा संच खालूनच चढवतात. वरून काढणंही काही मॉडेलमध्ये शक्य आहे, विशेषतः चार सिलिंडरवाल्यांत, पण गिअरबॉक्सपासूनचा सांधा अडचणीच्या जागेत सोडवावा लागतो. मॅन्युअल ज्या बाजूने सांगतं त्याच बाजूने जा. माझं मत विचाराल तर व्ही-६ला खालूनच. तयारीला एक दिवस जास्त लागतो, पण तो दिवस पुढे दुप्पट वसूल होतो.

अपवादही आहेत. १९९० साली आलेल्या टोयोटा प्रीव्हियात इंजिन पुढच्या सीटखाली ७५ अंशांनी कललेलं असतं. तसल्या गाडीला या पानावरचं निम्मं लागू पडत नाही.

कोणती हत्यारं आणि किती जागा लागते?

सपाट, कठीण काँक्रीटची जमीन, ही पहिली गोष्ट. माती, पेव्हर ब्लॉक किंवा उतार असेल तर तिथे हे काम नाही. गाडीच्या चारही बाजूंनी फिरता येईल आणि पुढे क्रेन ओढायला गाडीच्या निम्म्या लांबीएवढी मोकळी जागा हवी.

इंजिन क्रेन, तिच्या हुकाला लावायचा लेव्हलर (टांगलेल्या इंजिनाचा कल बदलण्यासाठी), दणकट एक्सल स्टँड म्हणजे घोड्या (किमान चार), ट्रॉली जॅक, दोन टॉर्क पाने (एक लहान, एक ३०० न्यूटन-मीटरपर्यंत जाणारा), गोटी पान्यांचा पूर्ण संच आणि लांब एक्स्टेन्शन. क्रेन भाड्याने मिळाली तर विकत घेऊ नका.

२ टनी क्रेन म्हणजे पुरेशी ना?

दांडा कुठे आहे त्यावर ते ठरतं. घडीच्या क्रेनचा २ टनांचा आकडा दांडा सगळ्यात आखूड असतानाचा असतो. तोच पूर्ण लांब केला की ती साधारण अर्धा टनच पेलते. व्ही-६ आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्स मिळून सहज अडीच-तीनशे किलो भरतात, सबफ्रेम धरली तर आणखी. दांड्यावरच्या भोकांशी लिहिलेले आकडे वाचून मगच हुक लावा.

साखळी ज्या बोल्टने इंजिनाला अडकवाल तो किमान ८.८ ग्रेडचा असावा आणि त्याच्या जाडीच्या दीडपट तरी आत आट्यांत गेलेला असावा. साखळीची कडी आणि ब्लॉक यांत फट नको. फट राहिली की बोल्ट वाकतो.

गाडी किती उचलावी लागते? पडणार नाही ना?

खालून काढायचं असेल तर आधी इंजिनाची ट्रॉलीसकट उंची टेपने मोजा. बंपरची खालची कड त्यापेक्षा चार बोटं वर गेली पाहिजे. ती बरीच उंची असते, आणि सगळ्यात जास्त काळजी इथेच घ्यायची.

पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत गिअर ‘पी’मध्ये टाकला की फक्त पुढची चाकं अडतात. ती हवेत गेली की ‘पी’चा काहीएक उपयोग राहत नाही. गाडी मागच्या चाकांच्या हँडब्रेकवर आणि तुम्ही लावलेल्या अटकणांवर उभी असते. म्हणून मागच्या दोन्ही चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी अटकण लावा. दुसरं, इंजिन निघालं की नाक एकदम हलकं होतं आणि तोल मागे सरकतो. घोड्या फार मागे लावल्या असतील किंवा डिकीत सामान भरलं असेल तर गाडी मागे कलू शकते. डिकी रिकामी करा, मागच्या जॅकिंग पॉइंटखालीही घोड्या लावा.

नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली हातसुद्धा घालू नका. विटा, काँक्रीटचे ठोकळे, रिकामी चाकं यातलं काहीही गाडीखाली चालत नाही.

वापरलेलं इंजिन घ्यावं की रिबिल्ट?

गाडी आणखी बरीच वर्षं ठेवायची असेल आणि रिबिल्ट करणारा खात्रीचा असेल तर रिबिल्ट, म्हणजे खोलून नव्याने बांधलेलं. एरवी कमी चाललेलं, अपघातात मागून ठोकलेल्या गाडीचं वापरलेलं इंजिन चांगलं पडतं, कारण ते धडधाकट चालत असताना बाहेर आलेलं असतं.

वापरलेलं बघायला जाताना मोठा पाना आणि टॉर्च बरोबर ठेवा. क्रँकचा पुढचा बोल्ट धरून इंजिन हाताने दोन पूर्ण फेरे फिरवा, फिरण्याच्या दिशेनेच. कॉम्प्रेशनचा दाब सोडला तर कुठेही अडकता कामा नये. ऑइलचं झाकण काढून आतल्या बाजूला बोट फिरवा. तपकिरी पातळ थर चालतो, खरवडून निघणारा गाळ चालत नाही, आणि दुधाळ मलईसारखं काही असेल तर तिथूनच परत फिरा. प्लग काढून भोकातून छोटा कॅमेरा सोडता आला तर सिलिंडरच्या भिंती बघा. जमिनीवर पडलेल्या इंजिनाचं कॉम्प्रेशन मोजणं अवघड, कारण सेल्फ बहुधा गिअरबॉक्सच्या घराला लागतो. त्याऐवजी दाबाची हवा सोडून गळती मोजणं सोपं.

माझ्या गाडीला कुठलं इंजिन बसेल?

एकाच नावाचं, एकाच क्षमतेचं इंजिन वर्षागणिक बदलतं. सेन्सरची जागा, क्रँकवरच्या चकतीचे दात, इनटेक मॅनिफोल्ड यांतलं काहीही. गाडीच्या १७ अक्षरी चॅसी क्रमांकावरून पार्ट नंबर काढा आणि तोच जुळवा. इंजिनाबरोबर त्याचा कॉम्प्युटर देऊ केला तरी लावू नका. तुमच्या चावीची ओळख तुमच्याच कॉम्प्युटरला असते, दुसरा लावला की इमोबिलायझर गाडी सुरूच होऊ देत नाही. जुन्या इंजिनावरचे सेन्सर आणि ब्रॅकेट शक्यतो तुमचेच चढवा.

किती वेळ लागतो?

पहिल्यांदा करणाऱ्याला तीन ते चार शनिवार-रविवार. उतरवायला एक-दोन दिवस, बसवायला दोन-तीन. उरलेला वेळ साफसफाई, अडकलेले बोल्ट आणि न मिळालेल्या पार्टची वाट बघण्यात जातो.

सुरुवात कुठून करायची?

आठवडाभर आधी सायलेन्सरच्या बोल्टांवर रोज गंज सोडवणारं तेल मारायला लागा. मग गाडी धुवा, विशेषतः खालून.

कामाच्या दिवशी डिकी आणि सरकते दरवाजे उघडून आतलं लागणारं सगळं बाहेर काढा. बॅटरी सुटली की विजेवरचे दरवाजे आणि डिकी चालत नाहीत, आणि नेमकी चाक खोलायची चावी आत राहते. मग बॅटरीची आधी निगेटिव्ह, नंतर पॉझिटिव्ह तार काढा.

पण त्याच्याही आधी पेट्रोलच्या लाइनचं प्रेशर उतरवून घ्या. पंपाचा फ्यूज काढायचा, इंजिन चालू करून आपोआप बंद पडू द्यायचं, नंतर दोनदा सेल्फ मारायचा. इंजिन सुरूच होत नसेल तर मॅन्युअलमधली दुसरी पद्धत वापरा. साध्या इंजेक्शनच्या गाडीत लाइनमध्ये ३-४ बार असतात. थेट सिलिंडरमध्ये इंजेक्शन असलेल्या इंजिनात पंपाच्या पुढे त्याच्या कितीतरी पट दाब असतो, आणि तो धातूचा पाइप पुष्कळदा एकदाच वापरायचा असतो. नवा आणून ठेवा. जवळपास ठिणगी, हीटर, पेटता दिवा काही नको, आणि अग्निशामक हाताच्या अंतरावर.

एसीचा गॅस सोडून द्यावा लागेल का?

हवेत तर अजिबात सोडू नका. पुष्कळ गाड्यांच्या एसीत असणारा आर-१३४ए गॅस उणे २६ अंशांना उकळतो, त्याचा द्रव हातावर उडाला तर कातडी गोठते, आणि वातावरणाला तो कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून जास्त घातक आहे. बहुतेक वेळा लाइन उघडावीच लागत नाही. कॉम्प्रेसरचे बोल्ट काढून तो होजसकट बाजूला घ्या आणि तारेने बॉडीला टांगा, होजवर वजन येऊ न देता. उघडावीच लागली तर आधी मशीनवर गॅस काढून घ्या.

स्टिअरिंगचा शाफ्ट सोडवायचा आहे. काही विशेष?

हो. चाकं सरळ करा, स्टिअरिंग व्हील सीटबेल्टने बांधून टाका, मगच खालचा सांधा सोडवा. सुटं झालेलं व्हील कोणी गंमत म्हणून गरगर फिरवलं तर एअरबॅगची आतली गुंडाळलेली पट्टी तुटते. सांध्यावर दोन्ही बाजूंना रंगाची रेघ मारा. तशाच रेघा सबफ्रेम आणि बॉडीवरही मारा, सबफ्रेम दोन-चार मिलिमीटर सरकली तरी व्हील अलाइनमेंट बिघडतं.

इतक्या वायरी आणि पाइप, परत कुठलं कुठे कसं कळणार?

फोटो काढा. तुम्हाला वाटतात त्यापेक्षा तिप्पट काढा, वायरीचा प्रत्येक कपलर (जोड) सुटण्याआधी आणि सुटल्यावर. दोन्ही टोकांना एकच आकडा लिहिलेली चिकटपट्टी लावा. बोल्ट ज्या पार्टचे त्या पार्टच्या नावाने वेगळ्या पिशवीत, आणि पिशवीला क्रमांक. एकाच पार्टमध्ये दोन-तीन बोल्ट लांबीला वेगळे असतील तर पुठ्ठ्यावर पार्टचं चित्र काढून त्या त्या जागी बोल्ट खुपसून ठेवा. लांब बोल्ट आखूड भोकात कसला की ब्लॉकला तडा जाऊ शकतो.

बोल्ट हलतच नाही. काय करू?

जोर वाढवण्याआधी थांबा. हेच मी या कामात पुन्हा पुन्हा शिकलो. जिथे अचानक जास्त जोर लागतो, तिथे बहुतेक वेळा एखादा बोल्ट राहिलेला असतो, एखादी वायर अडकलेली असते किंवा आटे गंजलेले असतात. गंजलेला असेल तर तेल, मग उष्णता, मग थोडा कसायचा, मग थोडा सोडायचा, असं पुढेमागे. सहा बाजूंचीच गोटी लावा, बारा बाजूंची डोकं गोल करते. आणि इंजिन खाली येताना अडलं तर पहारीने खाली ढकलू नका. टॉर्च घेऊन चारही बाजूंनी फिरा. भावाच्या गाडीत आम्ही असे अर्धा तास फिरलो आणि हीटरचा एक होज अजून लागलेला सापडला.

इंजिन बाहेर आहे तोवर काय काय बदलून घ्यावं?

जे नंतर बदलायला पुन्हा एवढंच खोलावं लागेल, ते सगळं. क्रँकच्या मागचं ऑइल सील हे तर न विचारता. गाडीत असताना त्यासाठी गिअरबॉक्स उतरवावा लागतो. वॉटर पंप, थर्मोस्टॅट, ब्लॉकचे गंजलेले प्लग, मागच्या बाजूचे स्पार्क प्लग, व्हॉल्व्ह कव्हरची पॅकिंग, इंजिन माउंटिंग, गिअरबॉक्सची शाफ्टकडची सीलं.

टायमिंग बेल्टचं इंजिन असेल तर बेल्ट, टेन्शनर आणि रोलर नवेच, आधीच्या मालकाने काहीही सांगितलं तरी. होंडा ओडिसीच्या ३.५ लिटर व्ही-६मध्ये बेल्ट असतो, टोयोटा सिएनाच्या २००७ पासूनच्या ३.५ लिटर व्ही-६मध्ये चेन. ओडिसीच्या इंजिनात बेल्ट तुटला तर पिस्टन व्हॉल्व्हला धडकतात, म्हणजे आत्ता केलेलं सगळं काम पाण्यात.

सगळ्यात जास्त चुका कुठे होतात?

टॉर्क कन्व्हर्टरपाशी. एवढं एक उत्तर सावकाश वाचा.

ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या तोंडाशी असलेलं हे धातूचं मोठं गोल भांडं इंजिन वेगळं करताना गिअरबॉक्समध्येच राहिलं पाहिजे. म्हणून सांधा उघडण्याआधी फ्लेक्सप्लेट आणि कन्व्हर्टरमधले बोल्ट काढायचे. क्रँक फिरवत फिरवत एका छोट्या झरोक्यातून ते एकेक करून निघतात. मग सांधा थोडा उघडला की कन्व्हर्टर मागे ढकलून ठेवायचा आणि पट्टी बांधून अडवायचा.

तरीही हलवाहलवीत तो पुढे सरकतो. आत त्याला ओळीने बसावं लागतं, मधल्या स्थिर नळीच्या खाचांवर, मग आतल्या शाफ्टच्या खाचांवर आणि शेवटी पंपाच्या दातांत. दोन्ही हातांनी धरून हळूच आत दाबत फिरवा. ‘टक्’ करून तो आत जातो. पुन्हा फिरवा, पुन्हा टक्. पंपाचे दात सापडतात तेव्हा तो आवाज जड, खोल येतो आणि हाताला कळतं की आता हा बसला. बेल हाउसिंगच्या, म्हणजे गिअरबॉक्सच्या इंजिनाकडच्या तोंडाच्या, कडेवर पट्टी आडवी ठेवून कन्व्हर्टरच्या बोल्टच्या जागेपर्यंतची खोली मोजा आणि मॅन्युअलच्या आकड्याशी ताडून बघा. कन्व्हर्टर रिकामा झाला असेल तर लिटरभर गिअर ऑइल त्यात ओतूनच चढवा.

आता इंजिन आणि गिअरबॉक्स जवळ आणा. दोन पोकळ डॉवेल (दोन्ही तोंडं नेमकी जुळवणाऱ्या खुंट्या) आपापल्या भोकात आहेत ना हे आधी बघा. एक जुन्या इंजिनाला चिकटून राहिलेला असतो हमखास. दोन्ही तोंडं हातानेच एकमेकांना पूर्ण टेकली पाहिजेत. माझ्या गाडीत ती १५ मिलिमीटरवर अडली. दिवस मावळत आला होता, बोल्ट लांब होते, आणि ते कसून ओढून घ्यावं असं फार वाटलं. नाही ओढलं. मागे घेतलं आणि बघितलं तर कन्व्हर्टर बरोबर एका पायरीने बाहेर होता. बोल्टने ओढलं असतं तर पंपाचे दात तुटले असते आणि इंजिनाच्या कामात गिअरबॉक्सही गेला असता.

तोंडं टेकल्यावर, बोल्ट लावण्याआधी कन्व्हर्टर झरोक्यातून बोटाने फिरवून बघा. तो मोकळा फिरला पाहिजे आणि फ्लेक्सप्लेटपासून दोन-चार मिलिमीटर मागे असला पाहिजे. फिरत नसेल तर चुकलंय. लगेच उघडा.

सगळं जोडलं, पण सेल्फ मंद फिरतो. बॅटरी तर भरलेली आहे.

आधी अर्थिंग बघा. मी बघितलं नव्हतं. भरलेली बॅटरी लावूनही सेल्फ कण्हत फिरत होता. मी दुसरी बॅटरी आणली, सेल्फ काढून तपासून घेतला, दोन संध्याकाळी गेल्या. मग मल्टिमीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरं ब्लॉकला लावून बायकोला सेल्फ मारायला सांगितलं. तिथे पाव व्होल्टच्या वर काही दिसायला नको, मला दिसले साडेतीन. इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसतं, त्यामुळे बॉडीशी त्याचा विजेचा संबंध वेणीसारख्या विणलेल्या तांब्याच्या एका पट्टीने जोडलेला असतो. ती पट्टी माउंटिंगच्या मागे लोंबत होती. पिशवी क्रमांक १४ मध्ये एक बोल्ट उरला होता, आणि ‘असेल कुठला तरी’ म्हणून मी तो डब्यात टाकला होता. उरलेला बोल्ट कधीच ‘कुठला तरी’ नसतो. त्याची जागा सापडेपर्यंत चावी फिरवू नका.

पहिल्यांदा सुरू कसं करायचं?

लगेच सुरू करायचं नाही. पेट्रोल पंपाचा फ्यूज काढून दहा-पंधरा सेकंद सेल्फ मारा. मिनिटभर थांबा. ऑइलचा दिवा विझेपर्यंत किंवा गेजचा काटा हलेपर्यंत असं करा. तोवर बेअरिंगांत ऑइल पोचलेलं नसतं. मग फ्यूज लावा, चावी दोनदा नुसती ‘ऑन’ करून पेट्रोलची गळती तपासा, आणि मग सुरू करा. एक माणूस आत, एक खाली टॉर्च घेऊन. ऑइलचा दिवा पाचेक सेकंदांत विझला नाही तर बंद करा. मॅनिफोल्डला लागलेलं तेल जळून थोडा धूर येतो, तो दहा-पंधरा मिनिटांत जातो.

गाडी जमिनीवर टेकवण्याआधी शाफ्टचे मोठे नट कसलेत ना बघा. ते नट नवेच लावा, आणि ते न कसता गाडीचं वजन चाकांवर दिलं तर हबचं बेअरिंग खराब होतं.

कूलंट भरलं तरी गाडी गरम होते. का?

हवा अडकलीय. मागच्या प्रवाशांसाठी वेगळा हीटर असलेल्या मिनीव्हॅनमध्ये कूलंटचे पाइप गाडीच्या पोटाखालून शेवटपर्यंत जातात. अशा गाडीत एकूण १२ ते १५ लिटर मावू शकतं, आणि लोक सहा-सात लिटरवर ‘भरलं’ म्हणून झाकण लावतात. नाक वर उचला, पुढचा आणि मागचा दोन्ही हीटर पूर्ण गरमवर ठेवा, हवा सोडायचा स्क्रू असेल तर उघडा, आणि इंजिन थंड असताना सावकाश भरायला लागा. कूलंट निम्मं आणि डिस्टिल्ड पाणी निम्मं. मागच्या झडपांतून गरम हवा आली म्हणजे शेवटपर्यंत पोचलं. दुसऱ्या दिवशी पूर्ण थंड झाल्यावर पातळी पुन्हा बघा, ती उतरलेली असतेच. सांडलेलं कूलंट लगेच पुसा. ते चवीला गोड असतं आणि कुत्र्या-मांजरांचा त्याने जीव जातो.

चेक इंजिनचा दिवा लागला.

कोड वाचा. नव्वद टक्के वेळा एखादा कपलर पूर्ण बसलेला नसतो किंवा व्हॅक्यूमची नळी राहिलेली असते. बॅटरी बराच काळ सुटी असल्याने आयडलिंग पहिल्या दिवशी वरखाली होतं. सरकते दरवाजे आणि काचा यांनाही त्यांच्या जागा पुन्हा शिकवाव्या लागू शकतात.

नंतर काय काय बघायचं?

पहिले शंभर किलोमीटर घराच्या आसपासच. मग चाकांचे नट आणि सबफ्रेमचे बोल्ट टॉर्क पान्याने तपासा, गिअर ऑइलची पातळी मॅन्युअलने सांगितलेल्या तापमानाला बघा, व्हील अलाइनमेंट करून घ्या. वापरलेलं इंजिन असेल तर ५०० किलोमीटरला ऑइल आणि फिल्टर बदला, काढलेल्या ऑइलमध्ये चुंबक फिरवा. रिबिल्ट असेल तर बनवणाऱ्याने दिलेलं वेळापत्रक पाळा आणि पहिले काही दिवस एकाच वेगाने तासन् तास चालवू नका.

इंजिन क्रमांक बदलला. कागदपत्रांचं काय?

पुष्कळ ठिकाणी नोंदणीच्या कागदांवर इंजिन क्रमांक असतो आणि बदल नोंदवणं बंधनकारक असतं. वापरलेलं इंजिन घेतानाच त्याचं बिल आणि क्रमांकाचा स्पष्ट फोटो घ्या. ब्लॉकवरचा क्रमांक खरवडलेला असेल तर ते इंजिन घेऊ नका.

जुनं इंजिन कधी टाकायचं?

नवं हजार किलोमीटर चालल्यावर. तोवर एखादं ब्रॅकेट, एखादा सेन्सर, एखादा बोल्ट त्याच्यावरून लागतोच. रिबिल्ट घेतलं असेल तर जुनं परत देण्याची मुदत बिलावर बघून घ्या. द्यायच्या आधी त्यातलं ऑइल आणि कूलंट वेगवेगळ्या डब्यांत काढा, एकमेकांत मिसळलं की पुनर्वापरासाठी कोणी घेत नाही. आणि गिअरबॉक्सशी जुळवणारा तो डॉवेल जुन्या इंजिनातच राहिलेला नाही ना, हे एकदा बोट घालून बघा.